रस्ता कुणाच्या हातातला?

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीतले कोणतेही पत्रक उघडा, पहिल्या चार-पाच मुद्द्यांत ‘दळणवळण’ सापडणारच. सातारा जिल्ह्यातल्या वाई तालुक्यात बावधन, भुईंज, ओझर्डे, यशवंतनगर अशा नावांचे गट आहेत, प्रत्येक गटाखाली पंचायत समितीचे गण आहेत. पण गट कोणताही घ्या आणि पक्ष कोणताही घ्या, गावांच्या पदरात पडणारे शब्द जवळपास तेच असतात. गावोगावी काँक्रीटचे रस्ते, वाडीवस्तीपर्यंत डांबर, घाटाचे रुंदीकरण, महामार्गावर उड्डाणपूल, एसटीच्या जादा फेऱ्या. सगळ्यांचीच पत्रके एका छापाची निघाली की मतदार वाहतुकीचा मुद्दा बाजूला ठेवतो आणि भावकी, पक्ष, ओळखपाळख यांवर मत ठरवतो. तसे करण्यात त्याचा दोष फारसा नाही. तुलना करायला हाताशी काही मापच नसेल तर तो तरी काय करणार? पण माप आहे, आणि ते वापरायला इंजिनिअर असावे लागत नाही. आश्वासन किती मोठे हे पाहण्याआधी ते उमेदवार मागत असलेल्या पदाच्या हातात आहे का, हे पाहावे. हातातले लहान आश्वासन हाताबाहेरच्या मोठ्या आश्वासनापेक्षा मोलाचे असते, कारण पाच वर्षांनी त्याचा जाब विचारता येतो. हाताबाहेरच्या आश्वासनाला ‘वरून निधीच आला नाही’ हे उत्तर कायम तयार असते, आणि ते खोटेही नसते.

हे माप लावायचे तर आधी रस्त्यांचे मालक ओळखायला हवेत. पुण्याकडून येताना लागणारा खंबाटकी घाट राष्ट्रीय महामार्ग ४८ वर, म्हणजे जुन्या ४ नंबरच्या महामार्गावर आहे. साताऱ्याकडे जाणारी वाहने घाट चढत आली, पुण्याकडे जाणारी बोगद्यातून जात आली, आणि शेजारी नव्या सहापदरी जोडबोगद्याचे काम हाती घेतले गेले. हा सगळा कारभार राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, म्हणजे दिल्लीचा. सुरूर फाट्याला महामार्ग सोडला की लागतो तो राज्य मार्ग. वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर आणि पुढे आंबेनळी घाट उतरून पोलादपूर. त्याचे रुंदीकरण, वळणे, कठडे यांचा निर्णय मुंबईत होतो. वाई शहरातले रस्ते नगरपरिषदेचे. शहरातला मतदार जिल्हा परिषदेला मतदानही करत नाही. रस्त्यांची ही उतरंड १९४३ च्या नागपूर योजनेपासून चालत आली आहे. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग असे ते पाच वर्ग. महाराष्ट्रात यांतले राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभाग सांभाळतो. जिल्हा परिषदेकडे उरतात ते शेवटचे दोन वर्ग, म्हणजे कार्यालयाच्या भाषेत ‘इजिमा’ आणि ‘ग्रामा’. मग खंबाटकीचा बोगदा किंवा पसरणी घाटाचे चौपदरीकरण ज्या पत्रकात पहिल्या क्रमांकावर आहे, त्या पत्रकाचा तो क्रमांक तुलनेपुरता कोरा धरावा. उमेदवार खोटारडा आहे असा याचा अर्थ नव्हे. तो ज्या खुर्चीसाठी उभा आहे त्या खुर्चीला त्या कामाची चावी नाही, एवढेच.

शेवटचे दोन वर्ग म्हणजे उरलेसुरले असे मात्र समजू नये. गावातून शेताला, शाळेला, दवाखान्याला, दूध संकलन केंद्राला किंवा फाट्यावर जायला माणूस आधी याच रस्त्यांवर पाय ठेवतो. गावच्या पैशातून गावचा रस्ता ही कल्पनाही जुनी आहे. मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्याने जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई आणि त्याचा मोठा भाग रस्त्यांसारख्या कामांवर, उरलेला शिक्षणावर खर्च होई. पुढे लोकल बोर्डे आली. मग साताऱ्याचेच यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर, १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली. तिच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवण्याचे २९ विषय आहेत आणि त्यांतला तेरावा विषय रस्ते, मोऱ्या, पूल आणि दळणवळणाची इतर साधने हा आहे. थोडक्यात, गावरस्त्याची जबाबदारी कुणी मेहेरबानी म्हणून झेडपीकडे दिलेली नाही. तिथे बांधकाम समिती आहे, तिचे सभापती आहेत, कार्यकारी अभियंता आहे, आणि तीन महिन्यांतून किमान एकदा भरणारी सर्वसाधारण सभा आहे. सदस्याला प्रश्न विचारायचा, ठराव मांडायचा, कामांची यादी मागायची अधिकृत जागा तीच.

जबाबदारी आहे, पण पैशाच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. त्या माहीत नसतील तर आश्वासनांचे वजन कळत नाही. कार्यकर्त्यांच्या तोंडी ‘तीस चोपन्न’, ‘पन्नास चोपन्न’, ‘पंचवीस पंधरा’ हे आकडे असतात. ती लेखाशीर्षे आहेत. ३०५४ मधून मुख्यतः रस्त्यांची देखभाल-दुरुस्ती होते, ५०५४ मधून नवी बांधणी व सुधारणा. २५१५ मधून लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावांतर्गत मूलभूत कामे होतात आणि त्याची दोरी मंत्रालयात असते. पहिल्या दोन लेखाशीर्षांचा जिल्ह्यातला हिस्सा जिल्हा नियोजन समितीतून येतो. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असले तरी घटनेप्रमाणे तिचे चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यायचे असतात. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाचा निधी महाराष्ट्राने ग्रामपंचायतींना ८० टक्के, पंचायत समित्यांना १० आणि जिल्हा परिषदांना १० टक्के असा वाटला, आणि त्यातलाही बराच भाग पाणी व स्वच्छतेला बांधलेला होता. उरतो तो जिल्हा परिषदेचा स्वतःचा सेस, आणि तो तुटपुंजा असतो. हे चित्र समोर ठेवले की ‘प्रत्येक वाडीला काँक्रीटचा रस्ता’ म्हणणाऱ्याला एकच साधा प्रश्न पुरतो: कोणत्या शीर्षातून? उत्तरात ‘साहेबांकडून आणू’ आले, तर ते आश्वासन साहेबांच्या खात्यावर मांडावे, उमेदवाराच्या नव्हे.

हातातल्या कामांत सगळ्यात मोलाचे आणि सगळ्यात कमी बोलले जाणारे काम देखभालीचे. गावरस्ता मोडतो कसा, हे जवळून पाहण्यासारखे आहे. ग्रामीण रस्त्याची डांबरी रुंदी साधारण पावणेचार मीटर असते. तेवढ्यात दोन मोठी वाहने एकमेकांना बाजू देऊ शकत नाहीत, म्हणून एकाची दोन चाके साइडपट्टीवर उतरतात. साइडपट्टी मुरमाने भरून दाबलेली असेल तर काही बिघडत नाही. पण डोंगरउतारावर वरच्या अंगाचे गटार गाळाने आणि पालापाचोळ्याने बुजले असेल, तर पावसाचे पाणी गटार सोडून डांबरावरून वाहते आणि खालच्या अंगाची साइडपट्टी धुऊन नेते. मग डांबराची कड उघडी पडते. त्या कडेवर भरल्या ट्रॉलीचे चाक चढले की वीतभर तुकडा सुटतो, पुढच्या पावसात तिथून पाणी खालच्या खडीत शिरते, आणि दोन वर्षांत मधला रस्ता शाबूत व कडा कुरतडलेल्या अशी अवस्था होते. यात डांबर वाईट असायलाच हवे असे नाही. मेच्या अखेरीस गटार उपसले असते, तुंबलेल्या मोरीचे तोंड मोकळे केले असते आणि साइडपट्टीवर चार ट्रॉल्या मुरूम पडला असता, तर तोच रस्ता आणखी काही वर्षे चालला असता. या कामाला उद्घाटन नसते, नारळ नसतो, फलकही नसतो. म्हणूनच ते पत्रकात येत नाही.

वाई तालुक्यात हा हिशेब दोन्ही बाजूंनी कडक आहे. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून जेमतेम ३२ किलोमीटरवरच्या वाईत त्याचा पाव भागही पडत नाही. धोम आणि बलकवडी धरणांच्या वरच्या अंगाला, जोर गावाच्या बाजूला, रस्ता पाण्याने मरतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत याच पश्चिम भागात दरडी कोसळल्या, रस्ते तुटले, आणि आंबेनळी घाट तर बराच काळ बंद राहिला. उलट पूर्वेला भुईंजच्या साखर कारखान्याच्या पट्ट्यात रस्ता वजनाने मरतो. गळिताच्या हंगामात ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस जातो आणि हलक्या वाहतुकीसाठी बांधलेला गावरस्ता महिनोन्‌महिने तो भार सोसतो. पश्चिमेच्या किलोमीटरला गटारे, मोऱ्या आणि संरक्षक भिंती हव्यात. पूर्वेच्या किलोमीटरला जाड थर आणि रुंद कडा हव्यात. दोन्हीकडे सारखेच ‘डांबरीकरण’ लिहिणाऱ्या उमेदवाराने आपला गट नकाशावरही नीट पाहिलेला नसतो. ‘आमच्या गटात अमुक मोऱ्यांची तोंडे लहान आहेत, त्या आधी बदलू’ असे म्हणणारा कमी बोलतो, पण कामाचे बोलतो.

यावर पहिला आक्षेप असा की, ज्या वाडीला अजून रस्ताच नाही तिला देखभालीचे प्रवचन काय कामाचे? आक्षेप रास्त आहे. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली तेव्हा मैदानी भागात ५०० आणि डोंगरी भागात २५० लोकवस्तीची अट होती. त्याहून लहान धनगरवाडे आणि डोंगरातली चार-दोन घरे त्या गाळणीतून खाली राहिली. ओढ्यावर साकव नसल्याने पावसाळ्यात जगाशी संबंध तुटणे हे त्यांच्यासाठी नित्याचे. अशा वस्तीला पहिला रस्ता आणि पहिला साकव हवाच, आणि तो नुसत्या देखभालीच्या कितीतरी आधी हवा. पण असे रस्ते मोजके असतात आणि त्यांची नावे सांगता येतात. उमेदवाराने ती नावे सांगितली तर आश्वासन खरे. ‘सर्व वाड्यावस्त्या’ म्हटले की त्यात कोणतीच वाडी नसते. शिवाय नवा रस्ता म्हणजे देखभालीची नवी जबाबदारी. पंतप्रधान आणि मुख्यमंत्री या दोन्ही ग्राम सडक योजनांच्या कामांत पहिली पाच वर्षे दुरुस्ती ठेकेदाराने करायची असते. रस्त्याच्या सुरुवातीला लावलेल्या फलकाजवळून आपण रोज जातो. त्यावर कामाचे नाव, लांबी, ठेकेदार, काम पुरे झाल्याची तारीख आणि देखभालीचा कालावधी लिहिलेला असतो. तो कालावधी चालू असताना खड्डा पडला तर तो सरकारी पैशाने बुजवायचा नसतो, ठेकेदाराकडून बुजवून घ्यायचा असतो. जो सदस्य ही तारीख पाहून पत्र देतो, तो एक रुपयाचा निधी न आणता रस्ता दुरुस्त करून दाखवतो. हे काम पूर्णपणे त्याच्या हातातले आहे.

आता गाड्यांकडे वळू, कारण रस्ता हे साधन आहे. जायचे असते माणसाला. एसटी जिल्हा परिषदेची नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली तेव्हापासून ती राज्याची आहे. वाई आगार सातारा विभागाच्या अकरा आगारांपैकी एक, आणि फेऱ्या ठरतात त्या आगार व्यवस्थापक व विभाग नियंत्रक यांच्या पातळीवर, भारमान आणि किलोमीटरमागचे उत्पन्न पाहून. इतर देशांत असे असतेच असे नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून शहरांबाहेरची बस आणि शाळेची वाहतूक प्रादेशिक परिषदांकडे आहे. न्यूझीलंडमध्ये बसमार्ग आखणे आणि ते ठेक्याने चालवून घेणे हे प्रादेशिक परिषदांचेच काम. वेलिंग्टनमध्ये जुलै २०१८ मध्ये मार्ग बदलले, गाड्या चुकू लागल्या, लोक थांब्यांवर ताटकळले आणि २०१९ च्या परिषद निवडणुकीत तोच कळीचा मुद्दा ठरला. तिथल्या मतदाराला दोन उमेदवारांची बसविषयक धोरणे सरळ समोरासमोर ठेवता येतात, कारण निवडून येणारा खरोखर बस चालवणार असतो. आपल्याकडे ‘एसटीच्या फेऱ्या वाढवू’ म्हणणारा सदस्य गाडीचा मालक नाही. म्हणून हे आश्वासनही जसेच्या तसे घेऊ नये.

मग एसटीचा विषय या निवडणुकीत सोडूनच द्यावा का? नाही. गाडीचा शेवटचा किलोमीटर जिल्हा परिषदेचा असतो, आणि फेरी बंद पडण्याची सबब अनेकदा त्याच किलोमीटरवर सापडते. सुमारे अकरा मीटर लांबीच्या गाडीला गावात वळायला जागा लागते. ती अतिक्रमणात गेली, किंवा अरुंद वळणावर कड तुटली, की चालक गाडी फाट्यावरूनच परत नेतो. तसे चार महिने चालले की गावात चढणारे प्रवासी कमी दिसतात, भारमान घसरते आणि फेरी रद्द होते. नंतर ती परत मिळवणे अवघड. वळण रुंद करणे, वळायची जागा मोकळी ठेवणे, निवारा शेड नीट ठेवणे ही कामे जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत मिळून करू शकतात. दुसरी गोष्ट शाळेची. प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा परिषदेकडे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी, नसेल तर मुलांच्या जाण्यायेण्याची सोय करावी लागते. म्हणजे कमी पटाची शाळा दुसऱ्या शाळेत विलीन करण्याचा प्रश्न हा वाहतुकीचाही प्रश्न आहे. तिसरी गोष्ट प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या १०२ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांची. गाडी आहे पण चालक नाही, चालक आहे पण डिझेल नाही, ही तक्रार ऐकून घेण्याचे व्यासपीठ जिल्हा परिषदच. आणि पंचायत समितीच्या मासिक सभेत आगाराच्या अधिकाऱ्याला बोलावून कोणत्या गावची कोणती फेरी का बंद झाली हे विचारता येते, त्याची इतिवृत्तात नोंद करून घेता येते. ‘फेऱ्या वाढवू’ हे मोघम. ‘बंद फेऱ्यांची यादी पहिल्याच मासिक सभेत मागवू’ हे मोजता येणारे.

इथे दुसरा आक्षेप येतो: आता घरोघरी मोटारसायकल आहे, फाट्यावर वडापची जीप आहे, एसटीसाठी एवढा खटाटोप कशाला? मोटारसायकल घरात एक असते आणि ती बहुधा कर्त्या पुरुषाच्या हाती असते. आठवीनंतर वाईला किंवा भुईंजला शिकायला जाणारी मुलगी, गुडघे दुखणारी आजी, बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आणि बाजाराला निघालेली बाई यांच्या वाट्याला ती येत नाही. वडाप चालते ते भरल्यावर, आणि भरते ते गर्दीच्या वेळी. दुपारी अडीचला शाळा सुटलेल्या चार मुलींसाठी जीप निघत नाही. शिवाय टप्प्याटप्प्यावर प्रवासी घेण्याचा परवाना यांतल्या बहुतेक गाड्यांकडे नसतो, त्यामुळे अपघात झाला की विम्याची भरपाई मिळवताना कुटुंबाची दमछाक होते. सरकारने सवलती दिल्या आहेत. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट, ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास, विद्यार्थ्यांच्या पासात ६६.६७ टक्के सूट, ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत मोफत पास. पण ज्या गावची गाडीच बंद झाली, तिथल्या बाईला अर्ध्या तिकिटाचा उपयोग शून्य. राज्याने दिलेली सवलत गावात पोचते की नाही हे शेवटच्या किलोमीटरवर ठरते. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत; त्या जागांवर उभ्या असलेल्या उमेदवारांनी तरी हा मुद्दा पत्रकात वर आणायला हवा.

तिसरा आक्षेप सगळ्यात जोरदार, आणि तो अनुभवातून आलेला आहे. लोक म्हणतात, अधिकार कागदावर पाहू नका, वजन पाहा. ज्याचा नेता सत्तेत, त्याच्या गटात निधी. अशा सदस्याने हाताबाहेरचेही काम आणून दाखवले तर बिघडले काय? बिघडत काहीच नाही, आणि असे घडते हेही खरे. पण वजन ही उमेदवाराची स्वतःची मिळकत नसते. नेत्याने पक्ष बदलला, सरकार बदलले, पालकमंत्री बदलले की ती जाते. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात हे किती वेगाने होऊ शकते ते सर्वांनी पाहिले आहे. शिवाय वजनाने आलेला निधी बहुधा दिसणाऱ्या नव्या कामाला येतो, गटार उपसायला येत नाही. म्हणून वजनाचे आश्वासन देणाऱ्याकडूनही कागद मागावा. पाठपुरावा करणार म्हणजे नेमके काय करणार? सर्वसाधारण सभेत ठराव मांडणार का, ग्रामीण मार्गाचा दर्जा वाढवून घेण्याचा प्रस्ताव देणार का, जिल्हा नियोजन समितीवर निवडून जाण्याचा प्रयत्न करणार का? यांतली प्रत्येक गोष्ट सदस्याच्या हातात आहे आणि प्रत्येकीचा कागद मागे राहतो. ‘मी साहेबांना बोललो’ याचा कागद राहत नाही.

चौथा आक्षेप थोडा कडवट आहे. सातारा जिल्हा परिषदेसाठी फेब्रुवारी २०१७ मध्ये मतदान झाले, मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि आरक्षणाच्या वादात निवडणुका रखडल्याने कारभार प्रशासकांकडे गेला. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचा आदेश देईपर्यंत तीन वर्षे उलटून गेली होती. या काळातही रस्ते झालेच की, मग सदस्य हवेत कशाला? कामे थांबली नाहीत हे मान्य. बदलले ते काम कुठले आधी घ्यायचे हे ठरवणारे हात. सदस्य नसताना यादी आमदार, मंत्री आणि अधिकारी यांच्यातच ठरते. सर्वसाधारण सभा प्रशासकाच्या सहीपुरती उरते आणि जिल्हा नियोजन समितीत जिल्हा परिषदेचा निवडून आलेला आवाज राहत नाही. आमदाराचा मतदारसंघ मोठा, त्याच्यापुढे महामार्ग, धरणे, पर्यटन. जोरच्या रस्त्यावरची तुंबलेली मोरी त्याच्या यादीत वर येणे कठीण; गटाच्या सदस्याच्या यादीत मात्र ती पहिली असू शकते. प्रशासकीय काळाने सदस्यांची गरज संपली नाही, उलट त्यांनी नेमके कोणते काम करायला हवे ते दाखवून दिले.

या सगळ्यातून तुलनेची रीत अगदी साधी निघते. दोन पत्रके शेजारी ठेवावीत आणि वाहतुकीचे प्रत्येक आश्वासन चार प्रश्नांतून न्यावे. रस्ता किंवा सेवा कुणाच्या मालकीची आहे? पैसा कोणत्या शीर्षातून येणार? झालेले काम पाच वर्षांनी कोण सांभाळणार? आणि ज्याच्याकडे स्वतःचे वाहन नाही त्याला यातून काय मिळणार? समजा एका पत्रकात घाटाचे चौपदरीकरण, महामार्गावर उड्डाणपूल आणि सर्व रस्ते काँक्रीटचे असे लिहिले आहे, आणि दुसऱ्यात गटातल्या सात रस्त्यांची नावे देऊन पावसाळ्यापूर्वी गटारे-मोऱ्या साफ करणे, दोन वस्त्यांना साकव, देखभाल कालावधीतल्या रस्त्यांची यादी ग्रामपंचायतीत लावणे आणि बंद फेऱ्यांचा हिशेब आगाराकडून मागणे असे लिहिले आहे. पहिले पत्रक चौथ्या प्रश्नापर्यंत पोचतच नाही. पहिल्याच प्रश्नावर त्याची दोन कलमे गळतात आणि दुसऱ्यावर तिसरे. दुसरे पत्रक सभेत टाळ्या घेणार नाही, पण ते चारही प्रश्नांतून पार पडते. तिसऱ्या एखाद्या पत्रकात मोठे आणि छोटे दोन्ही असेल, तर मोठे सोडून द्यावे आणि छोट्यावर तोलावे. पक्ष आणि भावकी यांचा विचार त्यानंतर करायला कुणाची ना नाही. निदान तो आंधळा राहणार नाही.

मत मागायला आलेल्या उमेदवाराला एवढेच विचारा: आमच्या गावचा रस्ता इजिमा की ग्रामा, त्याची देखभाल कोणत्या तारखेपर्यंत ठेकेदाराकडे आहे, आणि आमची बंद पडलेली फेरी कोणती. तिन्ही उत्तरे त्याला येत असतील तर तो सदस्य व्हायच्या तयारीने आला आहे. एकही येत नसेल तर त्याला चार दिवसांची मुदत द्या आणि उत्तर लेखी मागा. निवडून कोणीही आले तरी तो कागद जपून ठेवा आणि पहिल्या सर्वसाधारण सभेनंतर सदस्यापुढे ठेवा. मत एका दिवसाचे असते. जाब विचारायला पुढची पाच वर्षे आपलीच आहेत.